सात नंबरच्या पंपाचा विसर

१

पंपाच्या हिरव्या पडद्याच्या कोपऱ्यात वीसचा आकडा होता. तिथे पाच असायला हवा होता. अक्काला जाऊन तासही झाला नव्हता, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून त्या आकड्याकडे बघत बसले होते.

हा पंप म्हणजे सुईवाटे थेंबाथेंबाने औषध देणारं, चपलांच्या खोक्याएवढं यंत्र. अक्काला वेदनेवरचं औषध तासाला दीड मिलिलिटर या वेगाने चालू होतं. दुपारी नळी बदलताना सिस्टरच्या हातून टिंब सुटलं आणि दीडऐवजी पंधरा दाबले गेले. माणसाकडून असं होणारच, म्हणून तर पंपात मर्यादा घातलेली असते. महिन्यापूर्वी त्या हॉस्पिटलने आपल्या बाराही पंपांची मर्यादा विसावरून पाचावर आणली होती. पाचाच्या वरचा आकडा दाबला की पंपाने ओरडायचं आणि नकार द्यायचा. सात नंबरचा पंप ओरडला नाही. त्याने पंधरा निमूटपणे मान्य केले, कारण त्याच्या पोटात अजून वीसच होते.

मर्यादा बदलणाऱ्या माणसाच्या वहीत सात नंबरसमोर मात्र लिहिलं होतं : ‘पाच केला. वाचून पाहिला. पाच.’ खाली सही.

म्हणजे एक तर तो माणूस खोटं बोलत होता, नाही तर पंप. पंप खोटं बोलत नाहीत असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही तेच होतं, कारण तो पंप जिथे तयार होतो त्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली आहेत. चालू होताना तो जे तीन सूर वाजवतो, तेही मीच निवडलेले.

तिसऱ्या दिवशी अक्काची मुलगी, माझी भाची, टाइप केलेला कागद घेऊन आली. चौकशी शुक्रवारी होती. नातेवाइकांची लेखी तक्रार आली तर त्या माणसाला कामावरून काढून प्रकरण पोलिसांकडे देऊ, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं.

“माझी सही झाली आहे,” ती म्हणाली. “तुझीही कर, मावशी. तू त्याच कारखान्यातली. तुझ्या सहीला वजन आहे.”

मी पेन उघडलं आणि परत मिटलं.

“काय झालं?”

“त्याला एकदा बघू दे मला,” मी म्हटलं. “मग करते.”

२

हॉस्पिटलच्या तळघरात दुरुस्तीची खोली होती. तिथल्या माणसाला सगळे पक्कडकाका म्हणत, कारण लोक पेन ठेवतात त्या खिशात तो पक्कड ठेवायचा. वय पन्नाशीचं, केस माझ्यापेक्षा पांढरे. मला बघून तो उठून उभा राहिला.

“बसा बाई. मागे टेकू नका पण. एक पाय लंगडा आहे खुर्चीचा.”

“सगळ्या इमारतीची यंत्रं दुरुस्त करता, आणि ही?”

“यंत्राचं मागणीपत्र येतं. खुर्चीचं मलाच लिहावं लागतं.” मग मी कोण ते त्याच्या ध्यानात आलं आणि चेहरा पडला. “तुम्ही त्यांच्या बहीण.”

“हो.”

“मी पाच केला होता,” तो म्हणाला. “पडद्यावर पाच वाचला, मगच वहीत लिहिलं. चौकशीतही हेच सांगणार. दुसरं काही नाहीच माझ्याकडे. बायको म्हणते, कबूल करून टाक, घाईत राहून गेलं म्हण, म्हणजे नोकरी जाईल पण कोर्ट टळेल. मी म्हटलं, राहिलं असतं तर म्हटलं असतं.”

मी वही मागितली. न तपासता लिहिणारा माणूस बारा ओळी एका बैठकीत लिहितो. अक्षर एका चालीचं येतं, शाई एक येते. इथे चार नंबरच्या ओळीवर वंगणाचं बोट उमटलं होतं, आणि नऊ नंबरच्या मध्यावर पेन संपून निळ्याचं काळं झालं होतं. ही वही पंपांच्या सोबत पुढे सरकलेली होती.

“कसं करता ते सांगा,” मी म्हटलं. “सावकाश.”

त्याने सांगितलं. पंपाला केबल लावायची. दुसऱ्या टोकाला कारखान्याने दिलेलं सेवेचं खोकं असतं, ते आधी मर्यादा पाठवतं, मग वॉर्डाचं नाव पाठवतं. दोन्ही पडद्यावर दिसतात. वाचायचं. किती सेकंद लागले त्याची चिठ्ठी खोक्यातून छापून येते, ती कारखान्याला जाते. तेवढा वेळ पंपाला वीज केबलमधूनच मिळते, ती काढली की पंप बंद पडतो. मग पुढचा पंप.

“केबल काढल्यावर दहा मोजलेत?”

“दहा काय?”

“दहा आकडे. मग पंप नव्याने चालू करायचा, आणि तेव्हा वाचायचं. पुस्तकात आहे.”

त्याने टेबलाच्या खणातून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. गुळगुळीत कागदाचं, नवं, पातळ. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटलं आणि परत शेवटापासून पहिल्यापर्यंत.

दहा मोजायची पायरी मी स्वतः लिहिली होती. ती पुस्तकात नव्हती.

३

ती पायरी खरं तर अक्काची. लहानपणी घराबाहेर पडताना कुलूप तीच लावायची. लावलं की दहा पावलं चालून जायची, परत यायची आणि कुलूप ओढून बघायची. मी म्हणायचे, लावल्या लावल्या का नाही ओढत? ती म्हणायची, “लावल्या लावल्या हाताला वाटतं, लागलंय. हात विसरला की मग विचारावं.” गल्लीतली पोरं तिच्या मागे दहा पावलं मोजत चालायची. ती हसायची, पण परत यायची ती यायचीच.

ते माझ्या कामात कसं उतरलं ते मलाही कळलं नाही. पंपाचं पहिलं पुस्तक लिहायला बसले तेव्हा ते आपोआप आलं.

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होत्या. मला बघून त्यांनी हातातली घडी पूर्ण केली, मगच बोलल्या.

“माझी चूक आहे, मावशी. लिहून दिलंय मी. टिंबाचं बटण घट्ट झालंय, जोर लावावा लागतो.”

“याआधी कधी सुटलं होतं?”

“खूपदा. चार नंबरवर, नऊ नंबरवर. पण ते ओरडतात. ओरडले की मी परत दाबते. त्या दिवशी तो ओरडला नाही, आणि मी...” त्यांनी पुढची चादर उचलली. “मी त्याच्या ओरडण्यावर विसंबले होते.”

त्यांच्यामागे रॅकवर पंप ओळीने ठेवलेले होते, आणि प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी होती. पट्टीवर मार्करने वॉर्डाचं नाव.

“हे कशाला? नाव तर पडद्यावर येतं.”

“यायला हवं,” सिस्टर म्हणाल्या. “पक्कडकाका घालतात म्हणे, पण पंप वर येईपर्यंत नाव पुसलेलं. कारखान्याला कळवलं तर उत्तर आलं, नाव नसल्याने औषध थांबत नाही. मग आम्ही आपल्या पट्ट्या लावल्या. अकरा पंप, अकरा पट्ट्या.”

“पंप बारा आहेत.”

“सातला पट्टी लागली नाही. त्याच्या पडद्यावर नाव नीट दिसायचं.” त्या जराशा थांबल्या. “आम्ही म्हणायचो, बारांत तोच एक शहाणा.”

४

ज्याला सगळं आठवत होतं तोच पंप मर्यादा विसरला होता. हे मला खाली कोठीपर्यंत पुरलं.

कोठीवाले म्हणजे सामान देण्याघेण्याची नोंद ठेवणारे गृहस्थ. त्यांच्याबद्दल भाचीला वेगळाच संशय होता : कोणीतरी पंपच बदलला, सातचा क्रमांक दुसऱ्यावर चिकटवला. तसं झालं असतं तर कोठीवाल्यांना कळल्याशिवाय झालं नसतं. मी सरळच विचारलं.

“पंप बदलला?” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “इथून टाचणी बदलत नाही, ताई. क्रमांक पत्र्यात कोरलेला आहे. बघा जाऊन.”

मी आधीच बघितलेला होता. कोरलेलाच होता.

“पण सात नंबर गावाला जाऊन आलेला,” ते म्हणाले. “बॅटरी गेली होती. कारखान्यात पाठवला, दीड महिना राहिला, मर्यादा बदलायच्या आठवडाभर आधी परत आला. त्यांनी तिकडूनच वॉर्डाचं नाव घालून पाठवलं. कौतुकच वाटलं मला. त्यानंतर दुरुस्तीची तारीखही आत लिहितात म्हणे. हा बघा त्यांचा कागद : नाव लिहिले, तारीख लिहिली, दोन्ही तपासले. आता पंपात तारीख बघायला जा. कोरी.”

“कोरी?”

“साफ. दोन पत्रं टाकली. आपलं कोण ऐकतंय.”

मी त्यांच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच काउंटरवर लिहिलं.

कारखान्यात सात नंबर : आधी नाव, मग तारीख. नाव राहिलं, तारीख गेली.

इथे अकरा पंप : आधी मर्यादा, मग नाव. मर्यादा राहिली, नाव गेलं.

तिसऱ्या ओळीशी माझा हात थांबला. इथे सात नंबर : आधी मर्यादा, मग नाव. नाव राहिलं, मर्यादा गेली. ही एकच ओळ उलटी होती.

“काय झालं, ताई? पाणी देऊ का?” कोठीवाले म्हणाले.

“द्या,” मी म्हटलं.

५

आता थोडं आतलं सांगावं लागेल, पण ते अवघड नाही.

यंत्र जागं होताना सगळ्यात आधी जागा होतो तो एक छोटा प्रोग्राम. त्याला बूटलोडर म्हणतात. मर्यादा, नाव, तारीख बदलायची ती त्याच्याच हातून. हे सगळं लिहिलं जातं फ्लॅश मेमरीत, आणि ती मेमरी म्हणजे वही समजा : वीज गेली तरी लिहिलेलं राहतं. पण या वहीत एक शब्द बदलायचा तर अख्खं पान खोडून परत लिहावं लागतं. त्याला तीन सेकंद लागतात, आणि काही हजार वेळा खोडलं की पान फाटतं.

म्हणून बूटलोडरमध्ये एक कारकून बसवलेला असतो. कामाच्या भाषेत त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा कारकून वहीचं एक पान हातातल्या पाटीवर उतरवून घेतो, बदल पाटीवर करतो आणि मग पाटीवरचं वहीत उतरवतो. पाटीला नवे लोक कॅश म्हणतात. आम्ही पाटीच म्हणायचो. पाटी एकच, एका पानापुरती. आणि वीज गेली की पाटी कोरी.

तो कारकून माझा. तीस वर्षांपूर्वी मी त्याला घडवला, तेव्हा नियम होता : काहीही लिहिलं की लगेच वहीत उतरवायचं, पाटीवर ठेवायचं नाही.

कारखान्यात आता माझ्या खुर्चीवर घड्याळ्या बसतो. तो कामाला लागला तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि खिशात थांबवायचं घड्याळ घेऊन फिरायचा. कोणतं काम किती सेकंदांत होतं ते बघायचा. नाव मीच ठेवलं होतं. मला बघून तो दारापर्यंत आला आणि माझी पिशवी हातातून घेतली.

“बाई, कळवलं असतं तर गाडी पाठवली असती. अक्कांचं फार वाईट झालं.”

“चिठ्ठ्या बघायच्या आहेत मला. सेवेच्या खोक्याच्या.”

त्या त्याने आधीच काढून ठेवल्या होत्या. शुक्रवारी त्यालाही चौकशीला बोलावलं होतं. बारा चिठ्ठ्या त्याने टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या.

“एक्केचाळीस सेकंद, एक्केचाळीस, एक्केचाळीस. हा सात नंबर : अडतीस. तीन सेकंद कमी, बाई. त्या माणसाने काहीतरी गाळलं. वाईट वाटतं, पण कागद बोलतो.”

“दहा मोजायची पायरी कोणी काढली?”

तो चमकला. “मी. लोक वैतागायचे. लिहिलेलं लगेच वाचून दिसतंच की.”

“कुठून दिसतं?”

त्याने हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

“कारकुनाला विचारलं, काय लिहिलंस, तर तो आधी पाटी बघतो. पाटीवर असेल तर वही उघडतच नाही,” मी म्हटलं. “आणि लगेच वहीत उतरवायची ओळ? तीही काढलीस?”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“आत्ता तूच.”

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. थोडा वेळ चिठ्ठ्या सारख्या करत राहिला.

“बाई, त्याने काही बिघडत नाही,” शेवटी तो म्हणाला. “पुढचं पान घ्यायचं तर कारकुनाला पाटी मोकळी करावीच लागते. मागचं वहीत आपोआप उतरतं. मर्यादेनंतर नाव लिहिलं जातंच, म्हणून मर्यादा कधी पाटीवर राहत नाही. पाटीवर राहिलं तर नाव राहतं. ते गेलं तर गेलं, त्याने माणूस मरत नाही. दोनशे पंपांवर तपासलंय मी. तिथले अकरा पंप बघा, सगळ्यांत पाच आहे. सातवर मर्यादा पाटीवरच राहिली असेल, तर त्याने नाव लिहिलं नसणार. म्हणून तीन सेकंद कमी. पायरी त्यानेच गाळली.”

तर्कात कुठे भोक नव्हतं. त्याला तर्क शिकवलाही मीच होता.

“खोकं एकामागून एक दोन्ही पाठवतं,” मी म्हटलं. “त्याला नाव गाळताच येत नाही.”

“मग का नाही लिहिलं गेलं?”

उत्तर मला तेव्हाच कळलं होतं. मी पिशवी उचलली आणि त्याला काही न सांगता निघाले.

६

माझ्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. तीत जुन्या छपाईचे लांबच लांब कागद आहेत, दोन्ही कडांना भोकं असलेले. वास अजून तोच, शाईचा आणि तापलेल्या यंत्राचा. त्या काळी आमच्या चिपांना काचेची खिडकी असायची, आणि लिहिलेलं खोडायला त्या निळ्या दिव्याखाली ठेवाव्या लागत. आम्ही सहाजणी एका टेबलावर बसायचो. कोणाची ओळ कोणती ते कळावं म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. माझी चांदणी.

भाची कागद न्यायला आली तेव्हा मी जमिनीवर बसून भिंगाने वाचत होते.

“सही झाली?”

“बस जरा,” मी म्हटलं. वही, पाटी, लगेच उतरवायचा नियम आणि घड्याळ्याने तो काढला ते सगळं तिला सांगितलं. “हे धर. वाच ही ओळ.”

“मला काय कळतंय यातलं.”

“मी सांगते. त्यात लिहिलंय, जे लिहायला सांगितलंय ते वहीत आधीच तसंच असेल, तर हात लावू नकोस. पाटीही घेऊ नकोस. तसाच परत जा.”

“मग? बरोबरच आहे की.”

“बरोबरच आहे. पान फाटू नये म्हणून. या ओळीने पंपाचं आयुष्य दुप्पट झालं. मला त्यासाठी ढाल मिळाली होती, तुझी आई बघायला आली होती.” मी भिंग खाली ठेवलं. “त्या दिवशी बारा पंपांना वॉर्डाचं नाव पाठवलं गेलं. अकरांच्या वहीत ते नव्हतं. कारकुनाने पाटी मोकळी केली, मर्यादा वहीत उतरवली, त्यात तीन सेकंद गेले, मग नाव पाटीवर घेतलं. केबल निघाली, पाटी पुसली गेली, नाव गेलं. म्हणून त्या पट्ट्या. सात नंबरला नाव कारखान्यातूनच आलं होतं. कारकुनाने बघितलं, आहे तेच आहे. हात लावला नाही. तीन सेकंद वाचले. पाटीवर मर्यादा तशीच राहिली.”

“आणि त्याने वाचला तो पाच?”

“पाटीवरचा. मग त्याने केबल काढली.”

भाचीने ती ओळ बोटाने शोधून काढली. ओळीच्या शेवटी चांदणी होती.

“ही खूण तुझी ना?”

“माझी.”

बाहेर कोणीतरी सायकलला हवा भरत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“लगेच उतरवायचा नियम होता तोवर तुझ्या ओळीने काही होत नव्हतं,” ती म्हणाली.

“नाही.”

“मग तुझी कशी चूक?”

“एका ओळीला दुसरीचा आधार आहे, हे मी कुठेच लिहून ठेवलं नाही. मला माहीत होतं तेवढं पुरे वाटलं. मी असेनच, असं धरून चालले होते.”

तिने तक्रारीचा कागद पिशवीतून काढला, घडी उलगडली, परत घातली.

“मग मी कोणाविरुद्ध सही केली आहे, मावशी?” ती म्हणाली.

७

शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत सगळे होते. सिस्टर भिंतीशी उभ्या, कोठीवाले पत्रांच्या नकला मांडीवर घेऊन, घड्याळ्या चिठ्ठ्यांची पाकिटं घेऊन. पक्कडकाका कोपऱ्यात. त्याने त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि खिसा रिकामा होता.

“तक्रार?” मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

“आधी सात नंबर टेबलावर ठेवा,” मी म्हटलं. “आणि खोकं. यांनी त्या दिवशी जे केलं तेच आमच्यासमोर करू द्या. सगळं.”

पक्कडकाकाने माझ्याकडे बघितलं. मग पुढे आला आणि केबल लावली. ती पहिल्या खेपेला बसली. खोक्याने मर्यादा पाठवली, नाव पाठवलं. पडद्यावर आलं : पाच. खाली वॉर्डाचं नाव.

“वाचा,” मी म्हटलं. “सगळ्यांनी वाचा.”

डॉक्टरांनी वाचलं. सिस्टरनी वाचलं. घड्याळ्याने वाकून वाचलं. खोक्यातून चिठ्ठी आली. कोठीवाल्यांनी ती फाडून घेतली आणि म्हणाले, “अडतीस.”

घड्याळ्याने मान वर केली. आमच्या सगळ्यांच्या देखत काहीही गाळलं गेलं नव्हतं.

“आता केबल काढा.”

पक्कडकाकाने केबल काढली. पडदा विझला.

“दहा मोजा,” मी म्हटलं.

तो मोठ्याने मोजायला लागला. एक, दोन, तीन. चारला घड्याळ्याने खुर्चीची कड धरली. सहाला त्याने डोळे मिटले. तर्क करायला त्याला माझी गरज नव्हती, तो तिथवर एकटाच पोहोचला होता. आठ, नऊ, दहा.

“चालू करा.”

तीन सूर वाजले. सिस्टरनी तोंडावर हात घेतला. पडद्यावर वॉर्डाचं नाव आलं, स्वच्छ. आणि कोपऱ्यात वीस.

मग चार नंबरची मर्यादा आधी परत वीस करून त्याच्यावरही तेच केलं. एक्केचाळीस सेकंद लागले. दहा मोजून चालू केला तेव्हा मर्यादा पाच होती आणि नावाची जागा कोरी. सिस्टर हळूच म्हणाल्या, “पट्टी.”

“प्रत्येक पंप शेवटचं लिहिलेलं विसरतो,” मी म्हटलं. “सात नंबरला नाव लिहावंच लागलं नाही, म्हणून त्याच्यासाठी शेवटचं ते मर्यादा ठरलं.” वही आणि पाटी मी डॉक्टरांना समजावून सांगितली. त्यांनी एकदाच विचारलं, हे बाकीच्या हॉस्पिटलांतही होईल का. घड्याळ्या उभा राहिला.

“होईल,” तो म्हणाला. “दुरुस्त होऊन गेलेला प्रत्येक पंप. आजच कळवतो सगळीकडे. उतरवायची ओळ मी काढली. नावांची तक्रार आली होती ती मीच बाजूला ठेवली.”

“लिहायचं टाळणारी ओळ माझी,” मी म्हटलं. “दोन्ही लिहून घ्या.”

भाची उठली. तिने तक्रारीचा कागद टेबलावर ठेवला आणि त्याचे चार तुकडे केले. मग नवा कागद घेऊन माझ्यापुढे सरकवला. मी लिहीत गेले, ती शेजारी बसून वाचत गेली. टिंबाच्या बटणाचंही लिहिलं, कोठीवाल्यांच्या पत्रांचंही लिहिलं. तक्रार कोणाविरुद्ध, या रकान्यात पहिलं नाव मी माझं घातलं. तिने पेन माझ्या हातातून घेतलं, दुसरं नाव कारखान्याचं घातलं आणि खाली सही केली.

खोली रिकामी होत आली तेव्हा पक्कडकाका माझ्याजवळ आला.

“म्हणजे मी वाचला तो पाच होता ना, बाई?”

“पाच होता.”

“मला मधे मधे वाटायला लागलं होतं,” तो म्हणाला, “की नसेलच.” आणि पंप परत न्यायला गेला.

संध्याकाळी अक्काच्या घरातलं सामान आवरून आम्ही दोघी निघालो. भाचीने दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि जिना उतरायला लागली. मी तिच्या मागोमाग चालले. दहाव्या पावलाशी थांबले.

भाची खालच्या पायरीवर उभी राहिली.

मी परत गेले आणि कुलूप ओढून पाहिलं.